तांबड्या मातीचा भराव

शाशिना गावात जमीन खाली गेली तर कुणाला नवल वाटत नाही. नेरेत्वा नदी समुद्राला मिळते तिथल्या लव्हाळ्यांच्या पट्ट्यातलं ते गाव. तिथं कुंपणाचे खांब खाली जातात, चुली खाली जातात, मेलेल्यांचे दगडी क्रूससुद्धा कमरेपर्यंत रुततात. पण एकोणसत्तर सालच्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी विंका मेदाकनं दुर्बिणीला डोळा लावला, आकडा वहीत उतरवला, मागच्या शुक्रवारच्या आकड्याशी ताडून पाहिला, पुन्हा डोळा लावला, आणि शेवटी तिपाईशेजारच्या दगडावर बसूनच घेतलं.

जमीन वर आली होती. तीन मिलिमीटर.

"भावजी, पट्टी सरळ धरलीय का?" तिनं भरावावर उभ्या असलेल्या दिराला हाक दिली.

"आता काय तोंडात धरू?" शिमून तिकडून ओरडला. "खांदा निखळायला आलाय माझा. आटप, वहिनी!"

विंकाचं वय तेव्हा एकोणपन्नास. शाळा तिसरीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण चिखलातलं. त्या मुलखात शेत विकत मिळायचं नाही, करावं लागायचं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चराच्या तळाचा गाळ फावड्यानं उपसायचा, शेजारी रचायचा, वर्षभर सुकू द्यायचा, खाली बसला की पुन्हा रचायचा. असं सात-आठ वर्षं केलं की बटाट्याच्या चार ओळींपुरती जमीन हाताला यायची. विंकानं आठव्या वर्षी फावडं धरलं ते नवरा जर्मनीत बांधकामावर गेला तरी सुटलं नाही. गाळ हाताला कसा लागतो यावरून तो किती बसेल हे ती सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. का बरोबर निघतं हे मात्र तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं तिला दातात अडकलेल्या काट्यासारखं सलायचं.

मग तालुक्याच्या कचेरीनं गावासाठी चोवीस नवी घरं मंजूर केली आणि स्प्लिटहून रादोवान नावाचा तरुण इंजिनिअर आला. त्यानं पाया खणला नाही, विटा आणल्या नाहीत. त्यानं ट्रकांमागून ट्रक लावून डोंगराकडची तांबडी माती आणली आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेवर चार मीटर उंच भराव घातला. गाव हसून हसून आडवं झालं. घरं बांधायला आलेला माणूस डोंगर बांधतोय!

सभेत त्यानं समजावून सांगितलं. खाली वीस मीटर मऊ चिकण गाळ आहे. त्यावर थेट घर बांधलं तर ते वीस वर्षं दबत राहील, आणि सगळीकडून सारखं दबणार नाही, म्हणून भिंती तडकतील. त्यापेक्षा घराहून जड ओझं आधीच ठेवायचं. वीस वर्षांचं दबणं दीड-पावणेदोन वर्षांत उरकून घ्यायचं. मग ओझं काढायचं आणि घर बांधायचं. मागच्या बाकावरून विंका म्हणाली, "म्हणजे कोबीच्या पिंपावर दगड ठेवतात तसं. पाणी निघून जातं, कोबी खाली बसते."

रादोवाननं तिच्याकडे पाहिलं. "हो. अगदी तसंच. चिखलातलं पाणी निघून जायला वेळ लागतो, म्हणून थांबायचं."

"ते पाणी जातं कुठं?"

हा प्रश्न त्याला त्या गावात दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला कामावर घेतलं.

काम असं होतं. भराव घालण्याआधी मूळ जमिनीवर सात लोखंडी पाट ठेवले होते. प्रत्येक पाटावर एक उभी नळी, भरावातून वर आलेली. पाट दबला की नळी त्याच्याबरोबर खाली जायची. डोंगराच्या खडकात एक खिळा ठोकला होता, तो न हलणारा. खिळ्याजवळ दुर्बीण मांडायची, नळीच्या टोकावर आकड्यांची लांब पट्टी उभी धरायची, आणि नळी खिळ्याच्या मानानं किती खाली गेली ते वाचायचं. दर शुक्रवारी. विंका वाचायची, शिमून पट्टी धरायचा. दुर्बीण जुनी होती, तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. त्यामुळे आकाशाला पाय लावून डोक्यावर लोंबकळणारा शिमून विंकानं दीड वर्ष दर आठवड्याला पाहिला. तो असाच बरा दिसतो, असं तिनं घरी सांगितलंही होतं.

पहिल्या महिन्यात जमीन एकवीस सेंटिमीटर गेली. मग चौदा. मग नऊ. विंकाला याचंच वेड लागलं. ओझं तेवढंच, तरी जाणं हळूहळू कमी का होतं? ती भरावाच्या कडेनं खणलेल्या चरात उतरली, गाळातून पाझरणारं पाणी ओंजळीत घेतलं आणि चाखलं. खारट! नदीचं पाणी गोड, पावसाचं गोड, आणि हे खारट. रादोवान म्हणाला, हा गाळ समुद्रात बसलेला आहे, जुना समुद्र अजून त्याच्या पोटात आहे. त्यानंतर ती दर शुक्रवारी एक घोट चाखायची. सासू म्हणायची, "जगाच्या सुना कॉफी पितात, माझी चर पिते."

सासू म्हणजे येला. एकोणऐंशी वर्षांची, गुडघे सुजलेले, जीभ शाबूत. चोवीस घरांच्या यादीत चौथं नाव मेदाकांचं होतं, आणि येलाचं आता एवढंच मागणं उरलं होतं: एक हिवाळा कोरड्या घरात. एकच. तिच्या जुन्या घरात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीतून ओल वर यायची आणि तिच्या हाडांत जाऊन बसायची. भराव याच डिसेंबरात उतरवला तर पुढच्या शरदात घरात राहायला जाता येणार होतं. नाहीतर आणखी एक वर्ष. आणि एकोणऐंशीच्या माणसाला एक वर्ष म्हणजे काय, हे कुणी सांगायला नको.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता जमीन अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर गेली होती. जायला हवी होती एकशेवीसच्या आसपास. सप्टेंबरात ती दोन सेंटिमीटर गेली आणि थांबली. ऑक्टोबरभर काहीच नाही. रादोवान महिन्यातून एकदा यायचा, रस्त्याच्या बाजूनं भरावाकडे बघायचा, वही चाळायचा. तो खुशीत होता. "माझा हिशेबच जास्त होता, विंकामावशी. गाळ आपल्यापेक्षा शहाणा निघाला. गुरुवारी येतो, सही करतो, सोमवारपासून भराव काढायला लागू." गावात राकियाच्या बाटल्या उघडल्या.

आणि आता हे तीन मिलिमीटर.

विंका घरी आली. कोबीचे दिवस होते. येला ओसरीत बसून पिंपात कोबी आणि मीठ दाबत होती. "तो दगड जरा उचल गं, आणखी दोन गड्डे बसतील," ती म्हणाली. विंकानं दगड उचलला. दाबलेली कोबी हळूच, बोटभर, वर आली. विंका दगड हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"ठेव की! का त्याला दूध पाजणारेस?"

"आई, कोबी वर कधी येते?"

"दगड काढला की. तिसरीतली पोरगीसुद्धा सांगेल. तू तिसरीच शिकलीस, मग ठाऊक असायला हवं."

विंका परत निघाली. वाटेत तिनं चराचं पाणी चाखलं. खारटपणा गेला होता. नुसतं पावसाचं पाणी साचलं होतं. म्हणजे गाळ पाणी सोडायचा थांबला होता. खडकाजवळ तिनं पुन्हा दुर्बीण मांडली आणि आकड्यांकडे न बघता नुसतं बघत राहिली. शिमून जेवण उरकून आपला डबा आणि पट्टी आवरत होता, उलटा. त्याच्या पायांशी, म्हणजे दुर्बिणीत त्याच्या पायांच्या वर, एक खोकं होतं. मासळीचं लाकडी खोकं. तो त्यावर उभा राहून पट्टी धरत होता. किती आठवडे? तिनं ते पाहिलं होतं, आणि पाहिलंच नव्हतं.

ती भरावावर चढली. "भावजी, हे खोकं कशाला?"

"मग काय शिडी आणू? नळी बघ कुठं गेलीय. आधी कमरेला होती, आता हनुवटीला."

"नळी वर कशी येईल?"

"अगं, भराव खाली बसतोय ना! भराव बसला, नळी उघडी पडली. इंजिनिअर सांगून थकला, बसतंय बसतंय."

"भावजी, नळी पाटावर उभी आहे. पाट भरावाच्या बुडाशी आहे. बूड खाली गेलं तर भराव, नळी, तुम्ही, तुमचं खोकं, सगळी वरात एकदमच खाली जाईल. नळी उघडी पडली म्हणजे वरची माती गेली."

शिमूननं डोकं खाजवलं. मग नदीकडे बघितलं. मग विंकाकडे बघायचं टाळलं.

"भावजी."

"लग्नं होती ना," तो म्हणाला.

हे विंकाला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तीच गोष्ट तिला झोंबली. शाशिन्यात नवरी सासरी येताना होडीभर माती घेऊन येते. बापानं उपसलेल्या शेतातली माती सासरच्या परसात टाकायची. तेवढा तुकडा तिचा. तिथं उगवलेल्या मिरचीला सासूनंसुद्धा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जन्मात एक होडी, फार तर दोन. माती कुणाला जड झालेली असते? पण त्या शरदात गोष्टच वेगळी होती. कचेरीनं नियम केला होता की घर लग्न झालेल्या जोडप्यालाच मिळेल. एरवी वर्षाला तीन लग्नं व्हायची, तिथं दोन महिन्यांत एकोणीस झाली. चाळिशीचे ब्रह्मचारी उजवले गेले. आणि भराव काठालाच होता. कोरडी, भुसभुशीत, डोंगराची तांबडी माती. शेवटी ती काढायचीच आहे, हे इंजिनिअर सभेत स्वतः म्हणाला होता. मग चार दिवस आधी नेली तर त्याची मेहनतच वाचली! आधी बापाची एक होडी, मग मामाची, मग काकाची. ज्या नवरीमागं आठ होड्या नाहीत तिचं काय लग्न! माती उपसून झाली की बायका वरून फावडं फिरवून सगळं सपाट करायच्या; ओरबाडलेलं ठेवायचं नाही, अशी तिथली रीत. रस्त्यावरून बघणाऱ्याला भराव थोडा बसलेला दिसायचा. त्यानं बसायलाच तर हवं होतं.

शिमूनच्या मुलाच्या लग्नात दुसरी होडी विंकानंच वल्हवली होती. गाणी म्हणत. शुक्रवारी दुर्बीण, रविवारी होडी. दोन्ही कामं तिचेच हात करत होते आणि ते हात एकमेकांशी बोलले नव्हते.

"दीडेक हजार होड्या झाल्या का हो?"

"छे! दोनशेच्या आत." शिमून घाईघाईनं म्हणाला. "वहिनी, गुरुवारी सही आहे. तोंड मिटून राहिलीस तर देव तुझं भलं करील. जमीन थांबलीय, असं वहीत लिहिलंयस ना? खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच. तेच तर वाईट होतं.

संध्याकाळी तिनं वामीचं कालवण शिजवलं, येलाच्या आवडीचं, तिखट. येलानं वाटी बाजूला सारली. "आज वाम कशी काय? कुणी मेलंय का कुणी मरणारंय?"

विंकानं सगळं सांगितलं. येला हळू बोलली.

"म्हणजे तू सांगणार. आणि मी आणखी एक हिवाळा या ओलीत."

"आई, तुम्ही या घरात लग्न होऊन आलात तेव्हा किती पायऱ्या होत्या?"

"पाच. तुला ठाऊक आहे."

"आता?"

आता त्या घरात एक पायरी उतरून जावं लागायचं. चौकटीचा वरचा भाग तीनदा कापला होता, आतली जमीन तीनदा वर घेतली होती, आणि तरी उंच पाहुणा आला की कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवावी लागायची.

"घराहून जड ओझ्यानं जमीन आधी दाबायला हवी होती, ते अर्ध्यावर सुटलंय. आता भिंती चढवल्या तर दहा वर्षांत हेच होईल. नव्या घरात. नेमकं नदीकडच्या कोपऱ्यात, जिथून माती गेली. चौथ्या नंबरच्या घरात."

"दहा वर्षं मला कुठं जगायचीत?" येला म्हणाली. "मला एक हिवाळा हवाय. बाकी तडे तुम्ही बघा."

म्हातारीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. येला भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि गुरुवारपर्यंत बोलली नाही.

गुरुवारी रादोवान नवा कोट घालून आला. विंकानं त्याला रस्त्याकडून नाही, नदीकडून नेलं. तो नळीपाशी उभा राहिला. नळी त्याच्या छातीच्या वर आली. विंकानं दोरीनं मोजून दाखवलं. भराव घातला तेव्हा नळीची भरावावरची उंची वहीत लिहिली होती नव्वद सेंटिमीटर, आता भरत होती दीड मीटर. मग त्यानं सिगारेट पेटवली, उलट्या टोकानं.

"जमीन वर आली असं लिहिलंयस. मी वाचलं, आणि वाटलं तुझी चूक झाली."

"मलाही तसंच वाटलं होतं. मग कोबी बघितली."

"नेली कुणी?"

"तुमच्या यादीनं."

"माझ्या?"

"लग्नाशिवाय घर नाही म्हणालात. गावानं लग्नं केली. लग्न म्हटलं की माती आली." तिनं गावाकडे हात केला. करड्या परसांमधून तांबडे चौकोन दिसत होते, एकोणीस, जणू कुणी ठिगळं लावलीयत. "एक होडी मी स्वतः वल्हवलीय. आधी माझं नाव लिहा."

रादोवान हसायला लागला आणि मध्येच थांबला. "परत आणायला लावू?"

"नवरीची माती परत मागितलीत तर उद्या तुम्हाला गावात पाणी मिळणार नाही. आणि मिळालं तर पिऊ नका."

"मग काय टाकू? पुन्हा माती टाकली तर पुन्हा लग्नं."

"दगड टाका," विंका म्हणाली. "खाणीतला पांढरा. दगडात मिरची येत नाही."

त्या आठवड्यात ट्रक पुन्हा लागले, आणि विंकाचं गावात नवं नाव पडलं: हिवाळाखाऊ. दुकानात ती शिरली की कुणीतरी म्हणायचं, "मीठ लपवा रे, हिवाळा खाऊन झाला, आता मीठ खाईल." एकोणीस नव्या सुनांपैकी दोघीतिघींनी तर तोंडच फिरवलं. शिमून मात्र शुक्रवारी पट्टी घेऊन हजर. दगडांचा थर चढल्यावर नळ्यांना नवे तुकडे जोडले होते आणि खोकं लागत नव्हतं. खांद्याच्या बाबतीत त्याची तक्रार मिटली होती.

पहिल्या शुक्रवारी जमीन हलली नाही. दुसऱ्या शुक्रवारी तीन मिलिमीटर खाली, म्हणजे जेवढी वर आली होती तेवढीच. विंका काळजीत पडली. एवढं करून गाळ खरंच शहाणा निघाला तर? तिसऱ्या शुक्रवारी आणखी सहा. तिनं चरात उतरून ओंजळ तोंडाला लावली. खारट.

घरी येऊन तिनं चुलीपुढं विटा तापत ठेवल्या. येलाच्या पायांना रोज त्याच शेकायच्या. येला अजून फक्त कामापुरतं बोलायची: पाणी दे, वीट सरकव. विंकानं फडक्यात वीट गुंडाळली.

"किती?" येलानं विचारलं.

विंका चपापली. "सहा."

"सहा काय? बोटं?"

"मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं."

"आणि पाणी?"

"खारट."

"हं," येला म्हणाली, आणि वीट पायाखाली ओढून घेतली.

त्यानंतर दर शुक्रवारी येलाचा प्रश्न ठरलेला. हिवाळा वाईट गेला. जानेवारीत तिचे गुडघे भोपळ्यासारखे झाले, फेब्रुवारीत पाद्री दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तो मरणाआधीचं शेवटचं तेल लावत असताना तिनं डोळा उघडून विंकाला विचारलं, "आज शुक्रवार ना? किती?" विंका म्हणाली, "अकरा. पंधरावरून कमी व्हायला लागलंय." "मग आत्ता नाही जमायचं," म्हातारी पाद्र्याला म्हणाली. "ते थांबू दे आधी. मला बघायचंय खरंच थांबतं का." पाद्र्यानं तेलाची बाटली बंद केली.

पुढच्या ऑक्टोबरात एकशे सतरा सेंटिमीटरवर जमीन थांबली. पूर्ण ओझं डोक्यावर असताना थांबली, चार शुक्रवार सलग. दगड आणि माती उतरवली तेव्हा ती सात मिलिमीटर वर आली. थोडी वर येईल असं रादोवाननं आधीच लिहून ठेवलं होतं, आणि विंकानंही, त्याला न विचारता. सात की आठ, यावर त्यांची पैज होती. पैज तिनं जिंकली.

घरं त्याच्या पुढच्या वर्षी उभी राहिली. चार नंबरच्या घरात येलाला शिमूननं पाठुंगळीवर बसवून नेलं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. बाहेर पावसानं चर तुडुंब झाले आणि आत फरशी कोरडी राहिली, हात लावून बघितलं तरी कोरडी. विटा तापवाव्या लागल्या नाहीत. विंकानं पायाच्या चारी कोपऱ्यांत खुणेचे खिळे मारून घेतले होते, कारण रादोवाननं दुर्बीण तिच्याकडेच ठेवली होती. दर शुक्रवारी ती मोजायची.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी ती आत आली, चिखलाचे बूट काढले.

"किती?" येला खिडकीपाशी बसली होती.

"काही नाही."

"नदीकडचा कोपरा?"

"तोही नाही. आहे तिथंच आहे."

येलानं हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. कोरड्या फरशीकडे पाहिलं, सरळ भिंतीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड जरासं पडलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मग आता शुक्रवारी बोलायचं काय गं आपण?"